डोणीला सांगितलेलं नाव

उमरदऱ्याच्या महादेवाच्या देवळाचा इतिहास मी लिहिला आहे. चाळीस पानांचं पुस्तक आहे, सोलापुरात छापून घेतलेलं. छापखान्यानं चुका पुष्कळ केल्या, पण मजकुरातली चूक दाखवायला अजून कुणी आलेलं नाही. येणारही नाही, कारण ते वाचलंय कुणी? चार जणांनी सत्कार केला, एकानं नारळ दिला आणि पुस्तकाच्या प्रती अजून माझ्या खाटेखाली आहेत.

त्या पुस्तकात एक गोष्ट मी लिहिली नाही. ती इथं लिहितो.

मी मूळचा तुळजापूरचा. आमच्या घरात कुणी पुजारी, कुणी कारकून, आणि मी मास्तर. निजामाच्या राजवटीत मी उर्दूतून भूगोल शिकवत होतो. पोलीस ॲक्शन झाली आणि तोच भूगोल, तीच पोरं, फक्त उद्यापासून मराठीत, असा हुकूम आला. एक्कावन्न साली माझी बदली बेंबळीच्या पलीकडं उमरदऱ्याला झाली. बरोबर माझी बायको चंद्रप्रभा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल दोनदा पोटातच गेलं होतं. नव्या गावात निदान बायका तेच तेच विचारणार नाहीत, म्हणून ती बदलीवर खूश होती. बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

गावाच्या उगवतीला महादेवाचं देऊळ. काळ्या दगडाचं, चुन्याचा कण न वापरता बांधलेलं. कुणी बांधलं असं विचारलं की गाव म्हणे, पांडवांनी, एका रात्रीत. पांडवांना दुसरा काही उद्योगच नव्हता असं आपल्याकडं गावोगाव समजतात. मला याचा फार राग येई. शाळा सुटली की मी दोरी आणि वही घेऊन देवळात जायचो. उत्तरेची भिंत मागं कधीतरी पडलेली आणि पुन्हा रचलेली आहे, हे मी शोधून काढलं. रचणाऱ्यांनी हंसांची अख्खी ओळ उलटी बसवली आहे. गावातल्या माणसांनी त्या हंसांचे आभाळाकडं झालेले पाय जन्मभर पाहिले होते आणि कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

देवळाच्या दारात पाण्याची एक डोणी होती. एकाच दगडातून कोरलेली, गोल, कमरेइतकी उंच, काठावर कमळाच्या पाकळ्या. तिचा दगड देवळाच्या दगडासारखा काळा नव्हता, तांबूस होता. दाराची पायरी तिच्यासाठी अर्धगोल कापून घेतलेली होती. म्हणजे देऊळ बांधायला आले तेव्हा डोणी तिथं आधीच होती, आणि ती हलवायची कुणाची छाती झाली नव्हती. हा शोध लागला त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका आनंद झाला.

या डोणीची एक रीत होती. गावातलं कुठल्याही घरचं मूल बाराव्या दिवशी तिथं आणायचे. कल्याणप्पा गुरवाची बायको मल्लम्मा पहाटे डोणी भरून ठेवायची. बाळंतीण एकटी पुढं व्हायची, पाण्यावर वाकायची आणि मुलाचं नाव डोणीत सांगायची. आतला पोकळ दगड जरासा घुमायचा. मग ते पाणी मुलाच्या टाळूवर घालायचं आणि त्यानंतर ते नाव जगाला सांगायचं. तोवर आईनं ते कुणाजवळ बोलायचं नाही. सासूजवळ नाही, नवऱ्याजवळही नाही. नाव आधी दगडानं ऐकायचं.

ज्या मुलाचं नाव डोणीला सांगायचं राहिलं आणि ते गेलं, त्याला ओढ्याकाठी निरगुडीच्या जाळीत पुरायचे. दगड ठेवायचा नाही, नाव काढायचं नाही. गावाच्या हिशेबी ते आलंच नव्हतं.

मी चंद्रप्रभेला म्हणायचो, आपल्याकडं नाव आत्या ठेवते, दगड नव्हे. ती हसायची. पण मल्लम्माचं आणि तिचं फार जमलं होतं. दर सोमवारी ती डोणीच्या काठाला हात लावून येई, हे मला माहीत होतं. मी ते पाहिलं नाही असं दाखवत असे.

छप्पन्न साल संपता संपता दोन गोष्टी एकदम घडल्या. चंद्रप्रभेचे दिवस या वेळी टिकले आणि पौष लागायच्या तोंडावर आम्हाला मुलगी झाली. चंद्रप्रभेला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण उमरदऱ्यातच मल्लम्माच्या हातांनी झालं. आणि त्याच्या आधी महिनाभर, डोणी घासायला काढली होती तेव्हा, मला तिच्या आतल्या बाजूला अक्षरं दिसली.

पाणी जिथवर चढतं त्याच्या खाली एक ओळ, सगळी आतून फिरलेली. वर क्षाराचा आणि तेलाचा बोटभर थर. कोमट पाणी, राख, रिठे आणि दातवण घेऊन मी तो थर काढला. औरंगाबादकडच्या एका जुन्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. लेख सातशे वर्षांचा तरी असावा, असं म्हणून त्यांनी ठसा कसा घ्यायचा ते कळवलं. कागद भिजवून दगडावर बसवायचा, ब्रशानं ठोकून अक्षरांत घालायचा, वर शाईचा बोळा फिरवायचा आणि पूर्ण वाळला की अलगद सोडवायचा. ओला ओढला तर फाटतो. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की पौर्णिमेच्या आत पाठवा, नंतर मी दोन महिने फिरतीवर आहे.

कल्याणप्पाला मी आठ दिवस डोणी कोरडी ठेवायला सांगितलं. मास्तर शिकलेला माणूस, म्हणून तो हो म्हणाला. मल्लम्मानं भरून आणलेली घागर तशीच परत नेली.

आठ दिवसांत काम झालं नाही. आभाळ आलं, झिमझिम सुरू झाली, आणि पौषात होऊ नये अशी ओल भिंतीभिंतीतून आली. पहिला कागद फाटला. दुसरा वाळायच्या आधी मीच उतावळेपणानं ओढला, तोही गेला. तिसरा चढवला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मल्लम्मा आमच्या दारात आली.

"मास्तर, उद्या बारावं हाय. डोणी भरू न्हवं?"

मी म्हणालो, कागद ओला आहे, चार दिवस थांबा.

आतून, बाजेवरून, चंद्रप्रभा म्हणाली, "बाराव्या दिवशीच सांगायचं असतं."

ती असं मध्ये कधी बोलत नसे. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. मी वळलोसुद्धा नाही. मी म्हणालो, "सातशे वर्षं दगड थांबलाय. पोरगी चार दिवस थांबेल."

हे वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनाही ते ऐकवलं आणि ते हसले.

तेराव्या दिवशी मुलीला सर्दी झाली. ओल होतीच. चौदाव्या दिवशी सकाळी तिचा श्वास वाजायला लागला. बलभीम पाटलानं स्वतः गाडी जुंपली. धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं होतं. चंद्रप्रभा मुलीला पदराखाली घेऊन बसली होती आणि मी वर घोंगडं धरलं होतं. बेंबळीच्या अलीकडं एक विहीर आहे. तिथं बलभीम बैलांना पाणी दाखवायला थांबला, तेव्हा ती म्हणाली, "गाडी वळवा."

मी म्हणालो, अजून दोन तासांत पोचू. तिनं पदर बाजूला करून मला दाखवलं.

ओढ्याकाठी कल्याणप्पानं खणलं. मुलगी माझ्या हातातून त्याच्या हातात गेली. मला तिला काहीतरी हाक मारायची होती आणि हाक मारायला काही नव्हतं. आम्ही घरात तिला नुसतं बाळ म्हणत होतो, गावातल्या सगळ्या बाळांना म्हणतात तसं. मी तिथं तोंड उघडून उभा राहिलो आणि मग मिटलं.

पंधराव्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. डोणीतला कागद वाळून आपोआप सुटला. असा ठसा मी नंतरही कधी पाहिला नाही. एकही अक्षर तुटलेलं नव्हतं. मी तो गुंडाळून पौर्णिमेच्या आत पोस्टात टाकला. कसा टाकला ते विचारू नका. हातांना सवय असते, ते करतात.

गावानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडलो असतो. मल्लम्मा रोज ताक आणून ठेवायची आणि चंद्रप्रभेजवळ घटकाभर बसायची. डोणी पुन्हा भरू लागली. पुढच्याच महिन्यात धुरपदाबाईच्या सुनेचं मूल डोणीवर आलं, आणि त्याला धरायला चंद्रप्रभा गेली. त्यानंतर ती प्रत्येक बाराव्याला जाऊ लागली. दुसऱ्या बायका नाव सांगायला वाकत तेव्हा त्यांचं मूल तिच्या हातात असे.

ठशाचं वाचन प्राध्यापकांकडून उन्हाळ्यात आलं. शके अकराशे एकोणसत्तर, पौष महिना. माईसा नावाच्या बाईनं आपल्या लेकराच्या नावे ही डोणी दिली. लेकराचं नाव जिथं असायला हवं तिथली तीन अक्षरं झिजली आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांनी परत पाठवलेला ठसा मी उन्हात धरून पाहिला. झिजलेल्या अक्षराच्या तळाशी काहीतरी खडबडीत राहतं. इथं दगड गुळगुळीत होता. तिथं कधी टाकी लागलेलीच नव्हती. पाथरवटानं नावापुरती जागा सोडली होती आणि नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

असं मला वाटलं. मला तसं वाटायला हवं होतं, म्हणूनही वाटलं असेल. पुस्तकात मी प्राध्यापकांचं मतच छापलं आहे.

त्या संध्याकाळी मी चंद्रप्रभेला पहिल्यांदा विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, तू काय नाव ठरवलं होतंस?

तिनं हात थांबवला नाही. "डोणीला न सांगितलेलं नाव कुणाला सांगत नसतात."

मी म्हणालो, मग उद्या डोणीला सांग. मी स्वतः पाणी भरतो.

"कुणाचं म्हणून सांगू," ती म्हणाली. "ती कुठं आहे आता."

नंतर दोन-तीन वर्षांनी आणखी एकदा विचारलं, रागावून. सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या बाईचं नाव मला माहीत आहे आणि माझ्या मुलीचं नाही, हा कुठला न्याय, असं ओरडलो. ती उठून परसात गेली. तिथून परत आल्यावर तिनं मला जेवायला वाढलं. त्यानंतर मी विचारलं नाही.

आम्हाला दुसरं मूल झालं नाही. मी पुस्तक लिहीत बसलो. देवळाचा पाया, डोणी, उलटे हंस, मंडपातल्या सोळा खांबांची मापं. लोकांना वाटे मास्तर विद्वान झाला. विद्वान कसला, घरात बसवत नव्हतं म्हणून देवळात बसत होतो, आणि देवळात ती डोणी समोर असायचीच.

बासष्ट साली पुस्तक निघालं आणि त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सरकारी खात्याचे एक अधिकारी जीपमधून आले. बोलायला गोड माणूस. डोणी फार मोलाची आहे, म्हणाले, इथं गुरं अंग घासतात, उद्या कुणी फोडेल, शहरातल्या संग्रहालयात नीट राहील. चावडीसमोर सभा झाली. सरपंच आण्णासाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. निम्मं गाव नको म्हणत होतं, निम्म्याला सरकारची भीती वाटत होती. शेवटी आण्णासाहेब म्हणाले, "आमाला त्यातलं कळत न्हाय. मास्तर म्हणतील तसं."

सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी उठून इतिहासाचं रक्षण, पुढच्या पिढ्या वगैरे बोललो. चांगलं बोललो. मग कागदावर पहिली सही केली.

हे सगळं खोटं होतं. मला ती डोणी डोळ्यांसमोरून जायला हवी होती. सहा वर्षं शाळेत जाताना आणि येताना मी तिच्याकडं न बघता गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी मला ठाऊक असे की आपण बघत नाही आहोत. एका माणसाला ते सोसवेना म्हणून अख्ख्या गावाची डोणी गेली, आणि गाव मला त्याबद्दल मान देत होतं. मल्लम्माला तोवर दिसेनासं झालं होतं. कल्याणप्पानं घरी जाऊन सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली म्हणे, की आता पोरांची नावं कुणाला सांगायची.

ट्रक आला त्या सकाळी गावातली एकही बाई रानात गेली नाही. पहाटेच कुणीतरी डोणी भरली होती. अधिकारी म्हणाले, पाणी काढा, वजन होतं. कल्याणप्पा म्हणाला, थोडं थांबा साहेब. मग बायका एकेक करून पुढं आल्या, वाकल्या आणि आपल्या मुलांची नावं पुन्हा डोणीला सांगून गेल्या. असलेल्यांची सांगितली, गेलेल्यांचीही सांगितली. सारजाबाई ऐंशीच्या पुढची होती, तिला दोघींनी धरून वाकवलं. ती अकरा नावं बोलली, आणि तिची दोनच मुलं जिवंत होती. रडलं कुणी नाही. मल्लम्मा काठाला धरून उभी होती आणि पुढं कोण येतंय ते पावलांवरून ओळखत होती.

सगळ्यांत शेवटी चंद्रप्रभा आली. कुणी तिला अडवलं नाही. मल्लम्मानं तिची पावलं ओळखली असणार, कारण तिनं बाजूला होऊन जागा करून दिली.

मी ट्रकच्या फाळक्याजवळ उभा होतो. तिच्यापासून चार हात. ड्रायव्हरनं तेवढ्यात इंजिन सुरू करून ठेवलं होतं. ती वाकली, डोकं काठाच्या आत गेलं, आणि तिची पाठ मला दिसत राहिली. एका नावाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ती तशी होती. दोन पावलं पुढं टाकली असती तर मला ऐकू आलं असतं. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगता आलं असतं. मी काही केलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं, आणि माझ्यासाठी का नव्हतं ते मला माहीत होतं.

ती उठली. पदरानं काठ पुसला. माझ्याजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "सांगितलं. आता विचारू नका."

मग सहा माणसांनी पहारी लावून डोणी कलंडवली. पाणी पायरीवरून, त्या अर्धगोल खाचेतून, वाहून गेलं. दगड ट्रकवर चढला.

पासष्टच्या पावसाळ्यात चंद्रप्रभा तापानं गेली. अठरा दिवस अंथरुणावर होती. शेवटच्या दिवसांत ती शुद्धीवर असे तेव्हा मी जवळ बसायचो आणि ती माझ्याकडं बघायची. मी विचारलं नाही. लग्नाच्या वीस वर्षांत एवढी एकच गोष्ट मी तिच्या मनासारखी केली.

दोन वर्षांनी पेन्शनच्या कामासाठी शहरात गेलो होतो. काम झालं नाही, उद्या या म्हणाले. दुपार मोकळी होती. मी संग्रहालयात गेलो.

डोणी जिन्याखाली ठेवली होती. कमळाच्या दोन पाकळ्या प्रवासात उडाल्या होत्या. आत कोरडी ठाक, तळाशी धूळ आणि एक विडीचं थोटूक. भिंतीवर पाटी होती. शके अकराशे एकोणसत्तर, दात्री माईसा, अपत्याचे नाव झिजलेले. सगळं माझ्याच पुस्तकातून घेतलेलं, माझं नाव सोडून. इतर वेळी मी कचेरीत जाऊन भांडलो असतो.

पहारेकरी दाराशी स्टुलावर बसला होता. मी थोटूक उचलून खिशात टाकलं, रुमालानं तळ पुसला आणि वाकलो. तिथं काही ऐकू येत नव्हतं. माझाच श्वास घुमत होता. माझ्या मुलीचं नाव या दगडाला माहीत होतं आणि आता जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

डोणीवर वाकलं की नाव सांगायचं असतं. मला सांगायला माझंच होतं.

"मी दत्तोपंत," मी म्हणालो. "तिचा बाप. उशीर झाला मला."

दगड जरासा घुमला. पहारेकऱ्यानं मागून हाक मारली, आजोबा, त्याला हात लावू नका. मी हात काढला आणि बाहेर आलो.